शून्य योगदान : नऊ देश

माझी पीएच.डी. झालेली नाही आणि आता होईलसं वाटत नाही. कॉलेजात लोक हळहळतात, अगदी काठावर येऊन गेली म्हणतात. मला ती हळहळ नको आहे. मला राग आलेला आहे, तो अजून उतरलेला नाही, आणि त्यातला निम्म्याहून जास्त माझा माझ्यावरच आहे. म्हणून हे लिहून काढते आहे.

मी यशश्री. गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजात सहायक ग्रंथपाल. अकरा महिन्यांचा करार, मग एक महिना 'बघू', मग पुन्हा अकरा महिने, अशी सात वर्षं झाली. नवरा कुंदन अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे, आम्ही राहतो सिडकोत. कायम व्हायचं तर पीएच.डी. हवी, पीएच.डी. हवी तर गाइड हवा, आणि माझ्या वाट्याला आलेले गाइड म्हणजे डॉ. प्रफुल्ल गायधनी. ते आमच्याच कॉलेजचे मुख्य ग्रंथपाल. म्हणजे गाइडही तेच आणि साहेबही तेच. रजेचा अर्ज आणि प्रबंधाचं प्रकरण मी एकाच टेबलावर ठेवायचे.

आमच्या ग्रंथालयशास्त्रात एक मोठी सोय आहे. दुसऱ्यांनी केलेलं संशोधन मोजलं की तेही संशोधनच धरतात. किती पेपर, कोणत्या वर्षी, कोणत्या देशातून, कोणी कोणाचा आधार घेतला. डेटाबेस उघडायचा, शब्द टाकायचे, नोंदी उतरवून घ्यायच्या आणि एक्सेलमध्ये रंगीत खांब काढायचे. शास्त्र म्हणून हे वाईट नाही, नीट केलं तर त्यातून पुष्कळ कळतं. पण गायधनी सरांनी त्याची पिठाची गिरणी केली होती. कांद्यावरचे पेपर मोजून झाले, द्राक्षांवरचे झाले, योगावरचे झाले. दरवेळी खाली दोन नावं, पहिलं त्यांचं आणि दुसरं दळणाऱ्याचं.

माझ्यासाठी त्यांनी विषय काढला, लहान बेटराष्ट्रांनी करोनाच्या महामारीवर किती संशोधन केलं त्याचं मोजमाप. बेटंच का, असं मी विचारलं. सर म्हणाले, कोणी केलेलं नाही आणि आकडे लहान आहेत, लवकर उरकेल. मी वहीत विषय लिहून घेतला. तेव्हा मला राग वगैरे आला नव्हता, हेही सांगून टाकते.

आमच्या यादीत एकतीस देश होते. काहींची लोकसंख्या आमच्या सिडकोपेक्षा कमी. नियम साधा होता. पेपर लिहिणाऱ्याच्या नावाखाली जो पत्ता असेल, त्या देशाचा तो पेपर. पत्त्यात बेटाचं नाव असलं की बेटाला एक गुण. नियम साधा असला की तो खराही वाटायला लागतो. पण मला नोंदी एकेक करून वाचायची खोड आहे, आणि वाचताना दिसायला लागलं की पहिल्या क्रमांकावर आलेल्या देशाचे निम्मे पेपर तिथे शाखा काढून बसलेल्या बाहेरच्या लोकांचे आहेत. उलट एका बेटावरच्या तापाबद्दल लिहिलेल्या पेपरवर बेटावरच्या एकाही माणसाचं नाव नाही. सरांना हे सांगितलं. ते म्हणाले, अगं, पेपर वाचायचे नसतात, मोजायचे असतात. आणि हसले.

तक्त्याच्या तळाशी नऊ देश होते. त्यांच्यापुढे शून्य. सरांनी त्या नवांना मथळा दिला, 'शून्य योगदान'. खाली शिफारसही तयार होती की या देशांनी संशोधनाची संस्कृती रुजवावी. शिफारस करणाऱ्याने समुद्र पाहिलेला होता तो अलिबागचा, तोही कॉलेजच्या सहलीत.

ते शून्य मला टोचायला लागलं. आमच्याकडे एखादं पुस्तक मिळालं नाही तर 'असं पुस्तकच नाही' असं आम्ही म्हणत नाही, 'जागेवर सापडलं नाही' म्हणतो. पहिल्या वर्षाच्या पोराला आम्ही एवढं शिकवतो. मग नऊ देशांच्या बाबतीत आम्ही हे कसं विसरलो? मी नवांच्याही आरोग्य खात्यांना मेल लिहिली. आमच्या डेटाबेसमध्ये तुमचं काही सापडत नाही, तुम्ही त्या काळात काही लिहून ठेवलं होतं का, एवढंच विचारलं. आठांकडून काही आलं नाही. बाराव्या दिवशी एक उत्तर आलं.

त्या देशाचं नाव मी इथे लिहीत नाही. त्या नावाचा पुष्कळ वापर झाला आहे आणि त्यात माझा हात आहे. पॅसिफिकमधला देश, एवढं पुरे. उत्तर लिहिणारीचं नाव लोसा. आरोग्य खात्याच्या नोंदणी विभागात ती काम करते, आणि विभाग म्हणजे ती आणि आणखी दोघी. तिने लिहिलं होतं की त्यांनी दर आठवड्याला एक अहवाल काढला, असे चौऱ्याहत्तर अहवाल आहेत, पण नेट मंद असल्याने थोडे थोडे पाठवते. पुढचे चार दिवस तिच्या मेल येत राहिल्या. एकूण अकरा मेल. शेवटच्या मेलमध्ये फक्त दोन अहवाल होते आणि 'उशिराबद्दल माफ करा' असं वाक्य.

मी ते वाचायला बसले आणि उठले नाही. स्कॅन केलेली पानं, वर शिक्का, खाली सह्या. त्यांनी सीमा बंद केल्या होत्या, आणि परदेशी जहाजांवर काम करणारे त्यांचे खलाशी परत यायला लागल्यावर त्यांना बंदरात बोटीवरच, काहींना शाळेत, वेगळं ठेवलं होतं. एक नर्स त्यांच्याबरोबर बोटीवर राहायची. रोज दोनदा ताप, श्वास, चव लागते का, सगळं लिहून. एकेचाळिसाव्या अहवालात होतं की चौदा दिवस पुरत नाहीत, सोळाव्या दिवशी दोघे आजारी निघाले आहेत, म्हणून आम्ही एकवीस दिवस करतो आहोत. पुढच्या सहा अहवालांत एकवीस दिवसांचा हिशेब. बोटीवर ठेवलेले किती, शाळेत ठेवलेले किती, फरक किती पडला. प्रश्न होता, पद्धत होती, तक्ता होता, निष्कर्ष होता. हे संशोधन नाही तर मग आम्ही कांद्यावर काय केलं होतं? याच एकवीस दिवसांवर पुढे दुसऱ्या कोणी पेपर लिहिला, तो माझ्या डेटाबेसमध्ये होता. लेखक पाच, सगळे एका मोठ्या देशातल्या मोठ्या विद्यापीठातले. बेटाच्या खात्याचे आभार शेवटी अर्ध्या ओळीत. आमच्या नियमाने तो पेपर त्या मोठ्या देशाचा, आणि बेटाला शून्य.

मी त्याच दुपारी लोसाला लिहिलं, "तुमचं काम मी मोजेन. तुमच्या देशापुढे शून्य राहणार नाही." सरांना न विचारता लिहिलं. तिचं उत्तर दोन दिवसांनी आलं. बोटीवर राहणारी नर्स पुढच्या वर्षी वारली, प्रत्येक अहवालाखाली तिचं नाव आहे, ते तेवढं गाळू नका, इतकीच विनंती होती. आणि माझी मेल छापून त्यांनी कचेरीत भिंतीला लावली होती.

त्या रविवारी मी माहेरी गेले. माझं माहेर घोटीजवळचं, भातखाचरांतलं. भावाची बायको, मंजुषा वहिनी, गावची आशाताई आहे. करोनात ती घरोघर हिंडून ताप आणि ऑक्सिजन लिहायची. तिच्या दोन वह्या सर्वेक्षणाला म्हणून शहरातले एक डॉक्टर घेऊन गेले होते, त्यातली एकच परत आली. मला एकदम काय सुचलं कोणास ठाऊक, मी मोबाईलवर आमच्या तालुक्याचं नाव टाकून शोध घेतला, बेटांसाठी घ्यायचे तसाच. एक पेपर निघाला. सहा लेखक, सगळ्यांचे पत्ते शहरातले. 'माहिती स्थानिक कार्यकर्त्यांनी गोळा केली' अशी एक ओळ. मी वहिनीला त्याचा अर्थ सांगितला आणि तुझं नाव असायला हवं होतं म्हणाले.

वहिनी चुलीवरचं काढून ठेवत होती. नावाचं तिला काही वाटलं नाही. पुढे काय लिहिलंय ते वाच म्हणाली. मी वाचलं, गावातले लोक आजार लपवत होते, असा निष्कर्ष होता.

"हे खोटं हाय ताई," ती म्हणाली. "कुनी लपवलं नाय. मी दारात गेले का लोकं सांगायची. त्यान्ला विचारायलाच कुनी आलं नाय, ते लिव्हा म्हनावं."

ती रागाने बोलली नाही. राग मला आला, परतीच्या बसमध्ये, आणि तो सिडकोत घरी पोहोचेपर्यंत चांगला तापला होता. कुंदनला सगळं सांगितलं. तो फार बोलत नाही. त्यांच्याकडे गेजमध्ये, म्हणजे मापाच्या साच्यात, बसला नाही की माल रिजेक्ट करतात. पण एकाच जागचा माल सारखा रिजेक्ट व्हायला लागला तर आधी गेज तपासायला पाठवतात, असं त्याने सांगितलं. मालाला शिव्या घालत बसत नाहीत. एवढी साधी गोष्ट कारखान्यात कळते.

सोमवारी मी सरांसमोर चौऱ्याहत्तर अहवालांचा गठ्ठा ठेवला. मी म्हणाले, वेगळा रकाना करू या, डेटाबेसबाहेरचं संशोधन असा. सरांनी गठ्ठा उघडलासुद्धा नाही. डेटाबेसमध्ये नाही म्हणजे नाही, हे त्यांचं पहिलं वाक्य. दुसरं, एका देशाचं घेतलं तर तीस देशांचं कोण शोधणार. तिसरं, परीक्षक विचारतील. दुसऱ्या वाक्यात तथ्य होतं, हे मला मान्य करावं लागेल. मी म्हणाले मी शोधते, वर्ष लागलं तरी चालेल. सर म्हणाले, वर्ष तुला आहे का? करार जूनमध्ये संपतो. ते धमकावत नव्हते. त्यांनी फक्त तारीख सांगितली.

मग बरीच घासाघीस झाली आणि ते तळटिपेवर आले. शून्याच्या तक्त्याखाली तळटीप देऊ, त्यात या अहवालांचा उल्लेख आणि नर्सचं नाव. मी हो म्हणाले. चौऱ्याहत्तर आठवड्यांचं काम दोन ओळींत बसवायला मी हो म्हणाले आणि जिंकल्यासारखी खाली येऊन चहा प्यायले. लोसाला मात्र काही कळवलं नाही. तळटीप म्हणजे मोजणं नव्हे हे मला कळत होतं, म्हणूनच कळवलं नाही.

त्यानंतर परिषद आली. सरांची प्राचार्यपदाची मुलाखत ठरत होती आणि त्याआधी त्यांना स्वतःच्या बायोडेटात 'आंतरराष्ट्रीय परिषदेचे संयोजक' ही ओळ हवी होती. आता परिषद आंतरराष्ट्रीय कशाने होते, तर बाहेरच्या देशांतले लोक आले की होते. प्रत्यक्ष यायला हवं असं नाही, पडद्यावर दिसले तरी चालतं. आमच्या समितीने ठरवलं, किमान चार देश हवेत. एक माजी विद्यार्थी दुबईत होता. कार्यालय अधीक्षकांची मुलगी जर्मनीत शिकत होती. नेपाळमधले एक प्राध्यापक अशा सगळ्याच परिषदांना येतात, तेही होते. तीन झाले. सरांनी मला केबिनमध्ये बोलावून विचारलं, तुझी ती बेटवाली आहे ना?

त्याच क्षणी मी नाही म्हणायला हवं होतं. परिषदेत सर आमचा बेटांवरचाच पेपर वाचणार होते. मला वाटलं, बरंच आहे. ती येईल, आपल्या देशाचं नाव ऐकेल, तळटीप पडद्यावर बघेल. मी स्वतःची अशी समजूत घातली आणि निमंत्रण पाठवलं. लोसाने तासाभरात होकार दिला. आमची परिषद सकाळी अकराची, तेव्हा तिच्याकडे संध्याकाळ असते, कचेरी सुटल्यावर थांबू म्हणाली. सर खूष झाले. फ्लेक्सवर चार झेंडे आले आणि त्यांतला सगळ्यात देखणा लोसाच्या देशाचा होता. येणारा जाणारा विचारायचा, हा कुठला हो? सर अभिमानाने सांगायचे.

परिषदेच्या दिवशी सकाळी नऊला मी हॉलमध्ये लॅपटॉप लावत होते. पडदा, माइक, ऑनलाइन पाहुण्यांना आत घेणं, आवाज चालू-बंद करणं, हे सगळं माझ्याकडे होतं. सरांनी पेन ड्राइव्ह दिला. मी स्लाइडी चढवता चढवता बघितल्या. शून्याची स्लाइड लाल रंगात होती. नऊ देशांची नावं, प्रत्येकापुढे ठसठशीत शून्य, खाली ती संस्कृती रुजवायची शिफारस. तळटीप नव्हती.

सर तिथेच उभे होते. मी विचारलं. ते म्हणाले, तळटिपेने स्लाइड गचाळ दिसते, छापील पेपरमध्ये बघू. मी म्हणाले, सर, ती बाई आज ऐकायला येणार आहे. सर म्हणाले, ती एकटीच थोडी आहे, आणि तिला कुठे कळणार आहे. तेवढ्यात आठवण झाल्यासारखं करून त्यांनी फाइलवर बोट आपटलं. माझा प्रबंध सादर करण्याचा अर्ज आत होता. दुपारी जेवणानंतर सही करतो म्हणाले.

आणि मी शेपूट घातलं. दुसरा शब्द मला सापडत नाही. मला स्लाइडवर दोन ओळी टाकायला अर्धं मिनिट पुरलं असतं. लॅपटॉप माझ्यासमोर होता, सर पाहुण्यांना फुलं द्यायला गेले होते. मी दोन ओळी टाकल्या नाहीत. प्राचार्यांच्या भाषणासाठी माइकची उंची कमी-जास्त करत बसले.

अकरा वाजता लोसा पडद्यावर आली. एकटी नव्हती, तिघी होत्या. एका टेबलामागे तिघी दाटीवाटीने बसलेल्या, कॅमेऱ्यात मावाव्यात म्हणून. लोसाच्या कानामागे पांढरं फूल होतं. तिघींनीही ठेवणीतले कपडे घातले असावेत, इस्त्रीच्या घड्या दिसत होत्या. टेबलावर फायली रचलेल्या होत्या. त्या काय आहेत हे हॉलमध्ये फक्त मला कळलं. मधल्या फाइलीचा कोपरा फाटलेला होता, आणि तो तसाच फाटलेला मी स्कॅनमध्ये पाहिला होता.

जर्मनीतली मुलगी बोलली, नेपाळचे प्राध्यापक बोलले. मग सर उभे राहिले. बोलतात ते छान, इंग्रजीही चांगलं आहे त्यांचं. खांब वर गेले, खाली आले, पहिल्या देशाचं कौतुक झालं. मग लाल स्लाइड आली. सरांनी नऊच्या नऊ नावं वाचली, एकेक थांबून. सातवं नाव लोसाच्या देशाचं होतं. ते नाव फ्लेक्सवर झेंड्याखाली होतंच, आता पडद्यावर शून्यासमोर आलं, आणि तीनशे माणसांच्या हॉलमध्ये कोणालाही त्यात विचित्र वाटलं नाही. पडद्याच्या कोपऱ्यातल्या चौकोनात तिघी बसलेल्या होत्या. लोसाच्या उजवीकडची बाई पुढे वाकली, तिने डोळे बारीक केले, वाचलं, आणि पुन्हा मागे टेकली.

भाषण संपल्यावर टाळ्या झाल्या. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीच्या हातात कार्यक्रमपत्रिका होती, तिने त्याप्रमाणे 'आमच्या परदेशी प्रतिनिधी' म्हणून लोसाला दोन शब्द बोलायची विनंती केली. मी तिचा आवाज चालू केला.

लोसा इंग्रजीत सावकाश बोलली. तिने प्राचार्यांचे, सरांचे आणि माझं नाव घेऊन माझे आभार मानले. मग म्हणाली की आमचा देश बहुतेक याद्यांमध्ये नसतोच, नकाशातही काही वेळा कापला जातो, तुम्ही निदान नाव लिहिलंत. हॉलमध्ये दोघे-तिघे हसले. ती हसवायला बोलत नव्हती.

"मला एकच विचारायचं आहे," ती म्हणाली. "आम्ही पाठवलेले अहवाल तुम्हाला पोहोचले का? इथलं नेट चांगलं नाही. पोहोचले नसतील तर आमची चूक आहे. आम्ही आज थांबून सगळे पुन्हा पाठवतो."

तिने टेबलावरच्या फायलींवर हात ठेवला. तिला वाटलं होतं की काम पोहोचलं नाही, म्हणून शून्य आलं. दुसरं काही कारण असू शकतं हे तिच्या मनातही आलं नव्हतं. मी मेलमध्ये शब्द दिला होता ना.

सरांनी माइक ओढला. काहीतरी तांत्रिक अडचण झाली असावी, आम्ही जरूर तपासून घेऊ, आपल्या सहभागाने परिषदेची शोभा वाढली, असं ते भराभर म्हणाले. आणि माझ्याकडे बघून दोन बोटांनी खूण केली, आवाज बंद कर. माझं बोट कळीवरच होतं. सात वर्षं त्यांची प्रत्येक खूण मला कळत आलेली आहे.

मी कळ दाबली नाही. माझ्यासमोर लॅपटॉपचा माइक होता, त्यात बोलले.

"पोहोचले," मी म्हणाले. "चौऱ्याहत्तरच्या चौऱ्याहत्तर पोहोचले. मी सगळे वाचले आहेत."

सर हलक्या आवाजात 'यशश्री' म्हणाले. लोसाने कॅमेऱ्याकडे नीट बघितलं, मला शोधत असावी. तिला मी दिसत नव्हते, तिला तीनशे माणसांचा हॉल दिसत होता.

"मग?" तिने विचारलं.

माझ्याकडे उत्तरं होती. सरांनी नाही म्हटलं. डेटाबेसमध्ये नव्हतं. परीक्षक विचारतील. करार जूनमध्ये संपतो. सगळी खरी होती आणि सगळी तोंडाशी आली होती. पण सकाळी नऊ ते अकरा तो लॅपटॉप माझ्याच हातात होता.

"मग मी ते मोजले नाहीत," मी म्हणाले.

लोसाने बाजूच्या दोघींकडे वळून त्यांच्या भाषेत सांगितलं. एकच वाक्य लागलं. उजवीकडची बाई उठली आणि टेबलावरच्या फायली एकेक करून उचलायला लागली, घाई न करता, फाटक्या कोपऱ्याची फाइल सगळ्यात वर ठेवून. मला वाटलं लोसा आता मला काहीतरी बोलेल. बोलावं अशी माझी इच्छा होती. तिने मला शिव्या दिल्या असत्या तर मी त्या हॉलमध्ये उभी राहून सगळ्या ऐकून घेतल्या असत्या.

"सांगितलंत ते बरं केलंत," ती म्हणाली. "अहवालांबद्दल पुढे काही कळलं नाही, म्हणून आम्ही जेवणाचे डबे घेऊन आलो होतो, पोहोचले नसतील तर रात्रभर बसून सगळे पुन्हा पाठवायला."